नवरदेवाला उतरायचं होतं

परभणी जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितल्यावर आमच्या आळीतल्या प्रत्येकानं एकच प्रश्न विचारला, "तिथं बघण्यासारखं काय आहे?" मी "एक घोडी" असं उत्तर दिलं. लोकांना तो विनोद वाटला. कोकणातल्या माणसाला घोडा हा विनोदच वाटणार. आमच्या चिपळुणात घोडा बुद्धिबळाच्या पटावर असतो आणि न्हाव्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर असतो. चढ-उताराच्या आमच्या वाटांवर तो कधी रमलाच नाही. दाभोळच्या बंदरात एके काळी अरबस्तानातून घोडे उतरायचे म्हणतात, पण ते उतरले आणि तडक घाट चढून गेले. एकही मागे थांबला नाही.

तरीही माझं पोट घोड्यांवरच चालतं, कारण मी शाळेत इतिहास शिकवतो. फळ्यासमोर उभं राहून मी आजवर इतक्या घोडदौडी केल्या आहेत, की एखाद्या सरदाराला धाप लागावी. प्रत्यक्ष घोड्याला मात्र मी चाळिशीपर्यंत हात लावला नव्हता.

तो योग आला आमच्या शाळेतल्या प्रल्हादच्या लग्नात. प्रल्हाद गणित शिकवतो. मूळचा गंगाखेडचा, नोकरीनिमित्त आमच्याकडे आला आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. मे महिन्यात त्याचं लग्न ठरलं आणि करवल्यासारखं मला बरोबर नेण्यात आलं. "मित्र पाहिजे," तो म्हणाला. त्याला मित्र कशासाठी पाहिजे होता ते तिथं गेल्यावर कळलं.

गंगाखेड

मे महिन्यातली गोदावरी पाहून माझ्यासारख्या नदीकाठच्या माणसाची निराशा होते. पात्र एवढं मोठं की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, आणि पाणी मात्र कडेकडेनं अंग चोरून चाललेलं. मी तसं बोलून दाखवलं, तर प्रल्हादचे वडील म्हणाले, "उन्हाळ्यात ती आराम करायलीय. तुमी श्रावणात या, मंग बोला."

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. प्रल्हादच्या आईनं दारातून विचारलं, "भाऊ, सुशीला चालंल का तुमाला?" मी दचकलो. मी विवाहित आहे, मला मुलं आहेत, हे प्रल्हादनं घरी सांगितलं नव्हतं की काय? मी चाचरत म्हणालो, "नाही... म्हणजे... कोण सुशीला?" घरात हशा पिकला. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा, कांदा-मिरची आणि दाण्याचा कूट घातलेला नाश्ता. फार चांगली निघाली. मी दोनदा घेतली. पुढं लग्न होईपर्यंत "भाऊंची सुशीला" हा त्या घरातला चेष्टेचा विषय होता.

संध्याकाळी किसनमामा आले. हे प्रल्हादचे सख्खे मामा आणि आता होणारे सासरे. मामाची मुलगी करायची पद्धत त्यांच्यात आहे. मामा उंच, काटक, डोक्याला पांढरं मुंडासं, गावात स्वतःची थोडी जमीन. त्यांचं गाव पेडगावच्या पुढं, मानवतच्या बाजूला. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या गावात पुन्हा जेवायला जायची माझी इच्छा आहे.

मामांनी बसल्या बसल्या विचारलं, "घोडी ठरवली का?"

प्रल्हादचा चेहरा उतरला. "मामा, आपन जीप करू ना. नवी जीप मिळायलीय गंगाखेडात."

"जीपमधी वांगे बी येत्यात बाजाराला," मामा म्हणाले. "माह्या पोरीचा नवरा घोड्यावर येईल."

मग मला त्यांनी सगळं समजावून सांगितलं. त्यांच्या गावात देशमुखांच्या दारावरून कुणी घोड्यावर बसून जात नाही. नवरदेव मराठ्याचा असो, धनगराचा असो, कुणाचाही असो. त्यानं दारापाशी उतरायचं, घोडी हातात धरून पुढं जायचं, दार ओलांडलं की पुन्हा बसायचं. आणि मामांच्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला नवरदेव? तो घोड्यावर कधी बसलाच नव्हता.

मी इतिहासाच्या मास्तराला शोभेल असं बोललो, "पण मामा, उतरायचं तर सगळ्यांनाच आहे ना?"

"हाय ना. तुमच्यासारखा उतरला की लोक म्हनत्यात मान दिला. आमचा उतरला की म्हनत्यात जागा कळली." मग म्हणाले, "माहा बाप वेसकर होता, भाऊ, वेशीचा राखनदार. देशमुख घोड्यावर निघाले की हा काठी घेऊन म्होरं पळायचा, पुढच्या गावच्या शिवेपोतर. घोडा दुडक्या चालीनं आन् बाप त्याच्या म्होरं. मी लहानपनी बगायचो. घोड्याच्या तोंडाला फेस यायचा, बापाच्या बी."

 

रात्रीची जेवणं झाल्यावर प्रल्हादनं मला अंगणात एका बाजूला घेतलं. "तुला एक सांगायचंय. मला घोड्याची भीती वाटते."

"थोडी ना?"

"थोडी न्हाई. लहानपणी धनगराच्या तट्टानं खांद्याला चावा घेतला होता. तेव्हापासून मी घोड्याच्या चित्राकडं बी तिरपं बघतो."

मित्र कशाला पाहिजे होता ते आता कळलं.

परभणी ते पेडगाव

घोडी परभणीच्या खाजाभाईंची. त्यांचा टांगा स्टेशनासमोर उभा असतो. रिक्षा आल्यापासून टांग्यात बसणारे कमी झाले, म्हणून ते लग्नसराईत घोडी भाड्यानं देतात. घोडी पांढरी, मानेवर थोडी करड्या ठिपक्यांची. नाव मलिका. मलिकेनं प्रल्हादकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला वाटतं तिनं माणूस जोखला.

बाकीचं वऱ्हाड ट्रकनं जाणार होतं. मी सुचवलं की नवरदेवानं आदल्या दिवशी टांग्यातून जावं, म्हणजे घोडीची सवय होईल. टांग्यात घोडी पुढं आणि आपण मागं असतो, चावण्याचा प्रश्न येत नाही. गणिताच्या मास्तराला हे पटलं.

त्या दिवसांत परभणीच्या भिंतींवर रंगानं लिहिलेल्या घोषणा होत्या. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालंच पाहिजे अशी एक, आणि तिच्यावर काट मारून तिच्या उलटी दुसरी. कुठं कुठं तिसऱ्यानं येऊन पुन्हा पहिली लिहिलेली. एकाच भिंतीवर तीन रंग. मी खाजाभाईंना विचारलं, मामांच्या गावच्या भानगडीची त्यांना कल्पना आहे का?

"सब मालूम है साब," ते म्हणाले. "मैं किराया घोडी का लेता, झगडे का नै. झगडा मुफत का है, जिसकू होना उन्ने लेना."

शहर सुटलं आणि काळी रानं सुरू झाली. आमच्या लाल मातीच्या डोळ्यांना ही काळी जमीन खोटी वाटते, कुणी शाई सांडल्यासारखी. उन्हानं तिला भेगा पडलेल्या, त्यात हात जाईल अशा. बांधावर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचे ढीग. सावली म्हणजे बाभळीची, तीसुद्धा भोकाभोकांची. अशा प्रवासात वेळ जावा म्हणून मी प्रल्हादला घोड्याचा इतिहास सांगायला घेतला. दूर उत्तरेच्या गवताळ मैदानात माणसानं घोडा प्रथम कसा माणसाळवला, आधी त्याला खाल्लं, मग दूध काढलं, मग रथाला जुंपलं, आणि मग कुणा बहाद्दराला वर बसायचं सुचलं. घोड्यामुळं राज्यं कशी पसरली. बातमी कशी धावू लागली. दख्खनच्या सुलतानांनी घोड्यांसाठी किती सोनं ओतलं आणि मराठ्यांच्या तट्टांनी त्या उंची घोड्यांना डोंगरात कसं दमवलं.

प्रल्हादनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वर बसणाऱ्यांचं झालं. मामांचा बाप तुझ्या इतिहासात कुठल्या पानावर हाय?"

मी म्हणालो, "पुढं पळत असल्यामुळं पानाच्या बाहेर गेला असेल."

विनोद करायचा म्हणून केला, पण कुणी हसलं नाही. मीही नाही. खाजाभाईंनी मागं न बघता म्हटलं, "साब, घोडी कू हिस्ट्री नै समजती. चने समजते." तेव्हा कुठं आम्ही तिघं हसलो.

पेडगावच्या अलीकडं धनगरांचा तळ उठून निघालेला भेटला. मेंढरांचा लोंढा रस्ताभर, मागं तीन-चार तट्टं. एकेका तट्टावर अख्खा संसार: घोंगड्या, पातेली, पिठाची पिशवी, पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि सगळ्यात वर एक तान्हं पोर, डुलत झोपलेलं. मी खाली उतरून बघत राहिलो. पुस्तकांत लढाया जिंकणारा घोडा मी शिकवला होता. पातेली वाहणारा आणि पोरं झोपवणारा घोडा मला कुणी शिकवलाच नव्हता. म्हाताऱ्या धनगरणीनं विचारलं, "टांग्यात ते कोन लपलंय?"

"नवरदेव आहे," मी म्हणालो. तट्टं जाईपर्यंत प्रल्हाद टांग्याच्या बाकाखाली चप्पल शोधत होता. दोन्ही चपला त्याच्या पायांत होत्या.

लग्नाचं गाव

मामांच्या घरी भाकरी, येसर मसाल्याची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही टेकतो न टेकतो, तोच मोटारसायकल वाजली. आबासाहेब देशमुखांचा पुतण्या आला होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणं अगदी नरम.

"किसनराव, आबासाहेबांचं म्हननं हाय, लगीन थाटात करा. मंडपाला बल्ल्या लागल्या तर आमच्याकडून न्या. फक्त पूर्वापार चालत आलेलं चालू द्या."

मामा म्हणाले, "पूर्वापार तर आमी नवरदेवाला पायीच नेत होतो. ते मोडायलोतच. मंग अर्धंच कामून मोडावं?"

पुतण्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. "दिवस बरे न्हाईत, किसनराव. गावोगाव काय झालं ते तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय. म्हनून तर जमादार बोलावलाय बंदोबस्ताला."

 तो गेल्यावर मामी चुलीपुढं नुसत्याच बसून राहिल्या. बाहेरगावी जाळलेल्या घरांच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकल्या होत्या. मामांच्या छपराला गेल्याच वर्षी नवीन पत्रे बसवले होते. मामी एकदा त्या पत्र्यांकडं बघायच्या आणि एकदा मामांकडं.

प्रल्हाद माझ्या कानाशी लागला. "मला तर देशमुखाच्या दारातच काय, वेशीतच उतरायचंय रे. पण आता उतरायची सोयच ऱ्हायली न्हाई."

खरोखर, इतिहासानं असा पेच कुणावर आणला नसेल. ज्या माणसाला घोड्यावरून उतरण्यासारखं दुसरं सुख नव्हतं, त्याच्या न उतरण्यावर एका वस्तीची मान अडकली होती.

सकाळी वस्तीच्या मागं, कडब्याच्या गंजीपाशी आम्ही सराव ठेवला. खाजाभाईंनी मलिकेला धरलं, मी प्रल्हादला. तो चढला, डोळे मिटले, आणि घोडी एक पाऊल पुढं सरकताच त्यानं तिच्या मानेला मिठी मारली. मिठी सुटेना. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "आगं बाई, लगीन कुनाशी हाय ह्यांचं?"

ती सुनंदा, नवरी. परभणीला होस्टेलवर राहून डी.एड. झालेली. प्रल्हादनं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि सरळ कडब्यात पडला. खिडकीतलं हसणं बराच वेळ ऐकू येत होतं. मला ती मुलगी तिथंच आवडली.

दुपार कलल्यावर परण्या निघाला, म्हणजे वस्तीतून गावात फिरून परत मंडपाशी येणारी नवरदेवाची मिरवणूक. पुढं मानवतचा बँड, मग किसनमामा, मग मलिकेवर प्रल्हाद, पांढरा सदरा, फेटा, आणि उन्हापेक्षा भीतीनं आलेला घाम. एका बाजूला लगाम धरून खाजाभाई, दुसऱ्या बाजूला छत्री धरून मी. मागं वस्तीतली सगळी माणसं, म्हाताऱ्यासुद्धा. जमादार सगळ्यात मागं. बुंदीच्या कढईपासून त्यांना उठवून आणायला थोडा वेळ लागला होता.

वेस ओलांडली. गल्लीच्या दोन्ही बाजूंना लोक उभे, न बोलता. आमच्याकडं वरात आली की बघणारे तरी ओरडून चेष्टा करतात. इथं कुणी ओरडत नव्हतं. फक्त बँड वाजत होता, आणि घोडी त्याच्या तालावर मान हलवत डौलात चालली होती. प्रल्हाद दात आवळून बसला होता. लांबून बघणाऱ्याला ते तेज वाटलं असतं.

देशमुखांचं घर आलं. नव्या सिमेंटचं, दुमजली, वर टीव्हीचा अँटेना. खालचं दगडी जोतं तेवढं जुनं. घोडा तिथं कित्येक वर्षांत नव्हता. अंगणात जीप उभी होती. जोत्यावर आबासाहेब खुर्चीत बसलेले, पिकलेल्या मिशा, हातात काठी. बाजूला पुतण्या आणि आठ-दहा तरणे गडी.

आणि बँड थांबला.

बँडवाल्यांना कुणी थांबवलं नव्हतं. पण त्या दारापाशी आजवर प्रत्येक वरातीत त्यांनी वाजवणं थांबवलं होतं. बँडमास्तरच्या हाताला ती सवय. त्यानं हात खाली केला आणि सगळे गप्प. आता मलिका लग्नातली घोडी. ती बँड वाजला की चालते आणि थांबला की थांबते. ती थांबली. ऐन दारासमोर.

खाजाभाईंनी चुचकारलं. ती हलेना. मी बाजूनं "चल" म्हणालो. तिनं कान मागं पाडले. जोत्यावरून दिसत असेल ते असं, की किसन वेसकराचा जावई घोड्यावर बसून देशमुखांच्या दारात मुद्दाम उभा ठाकला आहे.

आबासाहेब खुर्चीतून उठले. जोत्याच्या कडेला आले. घोडीकडं बघितलं, मग प्रल्हादकडं.

"उतर," ते म्हणाले.

 किसनमामा पुढं होते ते वळून उभे राहिले, दोन्ही हात नुसते खाली सोडलेले. पुतण्याची माणसं जोत्यावरून एक पायरी उतरली. मी प्रल्हादकडं वर पाहिलं. त्यानं दोन्ही मुठींत घोडीची आयाळ घट्ट धरली होती.

"न्हाई उतरत," प्रल्हाद म्हणाला. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना गेला.

"आरं, उतर!"

"न्हाई उतरत म्हनलं ना."

आबासाहेबांनी काठी जोत्यावर आपटली. "गाढवा, तंग सुटलाय घोडीचा! खोगीर फिरायलंय. तोंडावर पडशील माह्या दारात!"

सगळ्यांच्या नजरा घोडीच्या पोटाकडं गेल्या. खरंच होतं. पोटाखालचा पट्टा लोंबायला लागला होता आणि खोगीर माझ्या बाजूला कललं होतं. मी इतका वेळ छत्री प्रल्हादच्या डोक्यावर नीट आहे ना तेवढंच बघत होतो. "या अल्ला," खाजाभाई पुटपुटले. तंग आवळायला त्यांना दोन्ही हात लागणार, म्हणून लगाम त्यांनी माझ्याकडं दिला. मलिकेनं मला एक ढुशी दिली आणि माझ्या शर्टावर शिंकली. गर्दी, शांतता आणि वर आयाळ ओढणारा नवरदेव, तिला काहीच पसंत नव्हतं. ती मागचे पाय नाचवायला लागली.

तेव्हा आबासाहेब पायऱ्या उतरून खाली आले. पुतण्या "काका" म्हणाला, त्याच्याकडं त्यांनी लक्ष दिलं नाही. माझ्या हातातून लगाम घेतला, दुसरा हात घोडीच्या कपाळावर ठेवला आणि तिच्याशी काहीतरी बोलले. घोडी उभी राहिली. खाजाभाईंनी वाकून तंग ओढला, एक भोक, दुसरं भोक. प्रल्हाद वरच. देशमुख खाली, त्याच्या पायापाशी, घोडी धरून.



"झालं?" आबासाहेबांनी खाजाभाईंना विचारलं. मग बँडच्या मास्तरकडं वळून म्हणाले, "वाजवा की आता! उन्हात उभी करून मारता का जनावर?"

बँडनं जे काही वाजवलं त्याला सूर नव्हता, पण मलिका चालायला लागली. किसनमामा वळले आणि तिच्या पुढं चालू लागले. मी त्यांच्या पाठीकडं बघत होतो. एवढी सावकाश चाल मी आयुष्यात पाहिली नाही. बँड मागं पडायचा, घोडी अडखळायची, पण मामा घाई करेनात. एकेक पाऊल जमिनीवर नीट ठेवत ते ती गल्ली चालले.

लग्न सूर्य मावळायच्या आत लागलं. बुद्धवंदना, हार, टाळ्या. आमच्याकडच्या लांबलचक विधींची सवय असलेला मी अजून आता काय म्हणून बघत होतो, तोवर पंगती बसल्या. वांग्याची रस्साभाजी, वरण-भात, बुंदी. गावातलेही काही आले. बहुतेकांनी मंडपाच्या कडेला उभं राहून आहेर केला आणि पोट भरलेलं असल्याचं सांगितलं. दोघं-तिघं मात्र पंगतीत बसून जेवले, आणि मामांनी त्यांना स्वतः आग्रह केला.

जेवताना मी प्रल्हादला म्हटलं, "काय धीट निघालास रे!"

"कसला धीट. दोन्ही पाय रिकिबीत अडकले होते. उतरायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं." त्यानं बुंदीचा घास घेतला, चावला, गिळला. मग पानाकडं बघतच म्हणाला, "अडकले नसते तरी उतरलो नसतो."

मामांना मी काही विचारणार नव्हतो. तेच माझ्या शेजारी येऊन बसले. "बगितलं का भाऊ, चाललो कसा?"

"बघितलं."

"पळालो न्हाई."

"नाही मामा."

त्यांनी मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले आणि ओरडून कुणाला तरी भात आणायला सांगितलं.

निघताना

सकाळी कळलं की गावातली पिठाची गिरणी बिघडली आहे. ती फक्त वस्तीतल्या लोकांसाठी बिघडली होती. मामींनी शांतपणे जातं झाडून घेतलं. "आठ-पंधरा दिस चालंल," त्या म्हणाल्या. "पत्रे तर जाग्यावर हायेत."

आबासाहेबांचं बोलणंही फिरत फिरत आलं. चावडीवर कुणी टोकलं, तेव्हा ते म्हणाले होते, "मी घोडी धरली. वर कोन बसलं होतं ते मी बगितलं न्हाई." मामा हे ऐकून खूप हसले. "येवढ्या मोठ्या मानसाला येवढा मोठा नवरदेव दिसला न्हाई! म्हातारपन लय वाईट."

एसटीचा फाटा गावाच्या पलीकडच्या अंगाला होता. खाजाभाईंना तिथूनच परभणीला जायचं होतं, म्हणून त्यांनी नवरदेवाला फाट्यापर्यंत पुन्हा घोडीवर बसायचा आग्रह केला. किरायात बसतं, टांगा पोरं मागून ओढत आणतील, म्हणाले. प्रल्हादनं हात जोडले. "खाजाभाई, माहं काम झालं. आता मी जन्मभर पायी."

"मंग मी बसते," सुनंदा म्हणाली.

मामींनी कपाळाला हात लावला. खाजाभाई गोंधळले. "बेटी, दुल्हन कू घोडी पे बिठाने का रिवाज नै है."

"रिवाज न्हाई ना? मंग मोडायचं काय त्यात?"

ती आत गेली आणि होस्टेलातला पंजाबी ड्रेस घालून आली. नवी नवरी पंजाबी ड्रेसमध्ये सासरी निघाली, हा त्या दिवसाचा पहिला धक्का. खाजाभाईंनी हाताचा पाळणा केला, त्यात तिनं पाय दिला आणि ती वर जाऊन बसली, दोन्ही बाजूंना पाय टाकून. हा दुसरा. मलिकेनं एकदा मान मागं वळवून वर कोण आलं ते बघितलं आणि बँड नसताना चालायला लागली.

ज्या गल्लीनं ती शाळेत जाताना भिंतीच्या कडेकडेनं, खाली बघत गेली असणार, त्याच गल्लीच्या मधोमध ती चालली होती, घरांच्या आत काय आहे ते उंचावरून बघत. प्रल्हाद तिच्या बाजूनं पायी, मी दोघांच्या बॅगा घेऊन मागं. देशमुखांच्या घराशी पुतण्या दात घासत उभा होता. तो बघत राहिला.  बाईमाणसानं त्या दारात उतरायचं की नाही याचा नियम कुणी केलाच नव्हता, कारण तिथून कुणी बाई घोड्यावर गेलीच नव्हती. वरच्या मजल्यावर मात्र एक खिडकी उघडली. मग दुसरी. डोक्यावर पदर घेतलेल्या त्या घरच्या सुना कठड्यावरून वाकून बघत होत्या, आणि त्यातल्या एकीनं हात हलवला. सुनंदानंही हलवला.

फाट्यावर पोचतो तर परभणीची गाडी धुरळा उडवत आलीच. मी बॅगा चढवल्या, प्रल्हाद चढला. कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "चला बाई, उतरा लवकर."

सुनंदानं रस्त्याकडं पाहिलं. पुढं लांबपर्यंत सरळ, रिकामा रस्ता होता.

"जरा थांबा दादा," ती म्हणाली. "त्या बाभळीपोतर पळवून आनते."

खाजाभाई काही बोलायच्या आत तिनं टाचा मारल्या. कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीवर तसाच राहिला, आणि गाडीतली सगळी माणसं एका बाजूच्या खिडक्यांशी आली.